हेडसेट डोळ्यांवर, लक्ष पायांवर

‘व्हीआर गेम रोज खेळलो, तर चालायला नाही गेलं तरी चालेल ना?’ हा प्रश्न आता जिममध्ये आणि फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ऐकू येऊ लागला आहे. विचारणारा कधी तिशीतला आयटीवाला असतो, कधी परदेशातल्या मुलाने हेडसेट पाठवलेले साठीचे काका. आपल्यापैकी काही जण हसून विषय बदलतात. काही जण ‘हालचाल होतेय ना, मग उत्तम’ असे सांगून मोकळे होतात. दोन्ही उत्तरे आपल्या व्यवसायाला शोभणारी नाहीत. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. व्हीआरमधले काही खेळ खराखुरा कार्डिओ व्यायाम घडवतात. मात्र तो किती घडला, हे खेळाच्या नावावरून किंवा पडद्यावर झळकणाऱ्या कॅलरींवरून कळत नाही. खेळणाऱ्याचे पाय काय करत होते, हे कोणीतरी बघावे लागते आणि ते बघणे आपले काम आहे.

कसोटी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार एरोबिक व्यायामाची आहे. ३ ते ६ मेट्स म्हणजे मध्यम, त्यापुढे जोमदार. हार्ट रेटच्या भाषेत कमाल मर्यादेच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम आणि ७७ पासून पुढे जोमदार. व्हीआर खेळ या कसोटीला लावून पाहण्याचे काम अमेरिकेत झाले आहे. अ‍ॅरन स्टँटन यांनी २०१७ साली व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ अँड एक्सरसाइज ही संस्था सुरू केली आणि सान फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या व्यायामशास्त्राच्या अभ्यासकांबरोबर अनेक खेळांची ऊर्जेची गरज मोजली. प्रत्यक्ष प्राणवायूचा वापर तपासून केलेले हे मापन होते. त्यात ‘बीट सेबर’ हा संगीताच्या तालावर ठोकळे कापायचा खेळ टेनिसच्या पंगतीत बसला, म्हणजे मिनिटाला साधारण ६ ते ८ कॅलरी. ‘द थ्रिल ऑफ द फाइट’ हा बॉक्सिंगचा खेळ त्याहून वरचढ निघाला. तेव्हा हा सगळा पोरखेळ आहे, असे म्हणायला आता जागा नाही.

याच विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या आणखी एका निरीक्षणाकडे आपण अधिक लक्ष द्यायला हवे. काही खेळांमध्ये खेळणाऱ्याला जाणवणारे श्रम प्रत्यक्ष श्रमांपेक्षा कमी भरले. लक्ष ठोकळ्यांवर किंवा समोरच्या प्रतिस्पर्ध्यावर असते, त्यामुळे लागलेला दम उशिरा जाणवतो. ट्रेडमिलवर दहाव्या मिनिटाला घड्याळाकडे बघणारा क्लायंट इथे अर्धा तास टिकतो, तो त्यामुळेच. व्यायामाचा कंटाळा असणाऱ्याच्या बाबतीत ही पर्वणी आहे. हृदयविकाराच्या किंवा अनियंत्रित बीपीच्या पेशंटच्या बाबतीत मात्र हाच धोका आहे. ‘त्रास वाटला की थांबा’ ही आपली नेहमीची सूचना त्याच्यासाठी पुरेशी नाही, कारण त्रास वाटण्याची यंत्रणाच खेळाने मंद केलेली असते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोकप्रिय व्हीआर खेळ हातांनी खेळले जातात आणि हातांच्या व्यायामाचे शरीरशास्त्र वेगळे आहे. हातांनी फिरवायच्या अर्गोमीटरवर मिळणारा कमाल प्राणवायू-वापर पायांच्या सायकलवरच्या वापराच्या सर्वसाधारणपणे ६० ते ८० टक्केच असतो. काम करणारे स्नायू लहान असतात आणि ते लवकर थकतात. प्राणवायूचा वापर सारखाच असला तरी हातांच्या कामात हार्ट रेट जास्त दिसतो, बीपी जास्त चढते आणि पायांकडून परत येणारे रक्त कमी असल्याने हृदयाच्या दर ठोक्यामागे फेकले जाणारे रक्तही कमी असते. त्यात खेळाची उत्तेजना आणि बंद खोलीतला उकाडा हार्ट रेटमध्ये आणखी भर घालतात. म्हणून ट्रेडमिलवरचा १४० आणि पाय जमिनीत रोवून केवळ हात फिरवताना दिसणारा १४० यांना एकच भाव देता येत नाही. मनगटावरच्या घड्याळाने ‘कार्डिओ झोन’ दाखवला म्हणून समाधान मानणाऱ्या क्लायंटला हे समजावून सांगायला हवे. मुळात कंट्रोलर घट्ट धरून हात झटकत असताना मनगटावरचा प्रकाशीय सेन्सर चुकण्याची शक्यता बरीच असते. मोजायचेच असेल तर छातीचा पट्टा वापरा. क्लायंट बीटा-ब्लॉकरवर असेल, तर हार्ट रेटचे आकडे बाजूला ठेवून बोर्ग स्केल आणि बोलता येते का ही साधी चाचणी वापरा. मात्र त्यांची विचारणा खेळ थांबल्यावर न करता मधल्या विश्रांतीत, हेडसेट काढायला लावून करा.

दुसरी अडचण कौशल्याची. बीट सेबरमध्ये एका कापाला जास्तीत जास्त ११५ गुण मिळतात. त्यातले ७० कापण्याआधी तलवार १०० अंशांत फिरवल्याबद्दल, ३० कापल्यानंतर ६० अंश पुढे नेल्याबद्दल आणि उरलेले १५ काप मधोमध बसल्याबद्दल. म्हणजे मोठी हालचाल करावी, असाच खेळाचा हेतू आहे. पण हा कोन खांद्यातून काढायचा की नुसत्या मनगटातून, हे गेम बघत नाही. नवखा खेळाडू खांद्यापासून हात फिरवतो, खेळात समोरून येणाऱ्या भिंती चुकवायला पुरता खाली बसतो आणि घामाघूम होतो. सहा महिन्यांनी तोच खेळाडू अवघड पातळीवर मनगटाच्या झटक्याने अधिक गुण मिळवतो आणि भिंत आली की जेमतेम मान कलवतो. हालचालीत काटकसर आली, गुण वाढले आणि व्यायाम घटला. बॉक्सिंगच्या खेळात ही पळवाट कमी आहे, कारण ठोशाचा परिणाम हाताच्या खऱ्या वेगाशी बांधलेला असतो. म्हणून क्लायंटने वाढलेला स्कोअर दाखवला, तर त्याचे कौतुक जरूर करा, पण त्याला तुमच्यासमोर एक गाणे खेळायला लावा आणि कमरेखाली बघा. पाय खांद्याएवढे रुंद आहेत का, गुडघे वाकतात का, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते का, बाजूला पाऊल पडते का? ज्या खेळात स्क्वॉट, लंज आणि बाजूला सरकणे सक्तीचे आहे, तो कार्डिओसाठी पसंत करा. श्रम वाढवण्यासाठी मनगटाला वजने बांधण्याची जी टूम निघाली आहे, तिला मात्र सपशेल नकार द्या. वेगाने फिरणाऱ्या हाताच्या टोकाला वजन वाढले की त्याची किंमत खांदा आणि कोपर मोजतात.

मानेचाही विचार करायला हवा. मेटाची क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ ही हेडसेट साधारण अर्धा किलोची आहेत आणि मूळ पट्ट्यावर त्यातले बहुतेक वजन चेहऱ्यापुढे लटकते. सर्व्हायकल स्पाँडिलोसिसच्या पेशंटला मागे तोल साधणारा पट्टा लावल्याशिवाय खेळू देऊ नये. ज्यात खेळाडू जागेवर उभा असतो आणि दृश्य त्याच्याच हालचालीबरोबर हलते, अशा खेळांनी सुरुवात करावी. शरीर स्थिर असताना डोळ्यांपुढचे जग धावू लागले की डोळे आणि अंतर्कर्ण यांचा मेळ तुटतो आणि मळमळ सुरू होते. फेफरे येण्याचा इतिहास असलेल्यांना, तोल जाणाऱ्यांना आणि नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हेडसेट देऊ नये. क्लिनिकमध्ये एकच हेडसेट अनेकांना वापरायला द्यायचे असेल, तर पुसता येणारे सिलिकॉनचे कव्हर अनिवार्य समजा. क्वेस्ट २ च्या चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमने काहींच्या त्वचेला त्रास झाल्यामुळे जुलै २०२१ मध्ये ते फोम परत मागवून कंपनीला सिलिकॉनची कव्हरे द्यावी लागली होती. आणि आपल्याकडच्या घरांसाठी खास सूचना: किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी आणि डोक्यावरचा पंखा बघायला विसरू नका. हेडसेट आखून देते ती सीमा चारी बाजूंची असते. वर उचललेला हात फिरत्या पात्यात जाईल, असा इशारा ते देत नाही.

इतिहासाकडूनही शिकण्यासारखे आहे. १९९८ साली कोनामीने आणलेल्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’पासून ‘वी फिट’पर्यंत प्रत्येक वेळी गेमने व्यायामाचा प्रश्न सुटल्याची द्वाही फिरली. २०१२ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये बॅरानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ह्यूस्टनमधला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना हालचालीचे खेळ घरी दिले, पण १३ आठवड्यांत त्यांची एकूण शारीरिक हालचाल बैठे खेळ मिळालेल्या मुलांपेक्षा वाढली नाही. प्रयोगशाळेत श्रम घडवणारा खेळ घरात आपोआप व्यायाम होत नाही. त्याला वेळापत्रक, उद्दिष्ट आणि विचारपूस करणारे माणूस लागते. उद्योगाला हे केव्हाच उमगले आहे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘सुपरनॅचरल’ या व्हीआर व्यायामाच्या अ‍ॅपने सुरुवातीपासूनच रोजचा नवा वर्कआउट आणि प्रशिक्षकाचा आवाज विकला. मेटाने ते अ‍ॅप बनवणारी कंपनी विकत घेऊ नये, म्हणून अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन २०२२ मध्ये न्यायालयात गेला, तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. प्रशिक्षकाच्या जागेला मोल आहे, हे एवढ्या मोठ्या कंपन्यांना कळते. आपणच ती जागा मोकळी सोडणार का?

आपल्याकडे हे साधन कोणाच्या उपयोगी पडेल? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते. संध्याकाळी एकटीने बाहेर पडणे गैरसोयीचे, पावसाळ्यात चार महिने रस्ते चिखलाचे आणि घरातली कामे उरकेपर्यंत बाग बंद, अशी अडचण असलेल्या बाईला घरातल्या वीस मिनिटांचा उपयोग आहे. हेडसेट महाग आहे आणि सर्वांच्या आवाक्यातले नाही, हे खरेच. तेवढ्याच पैशांत चांगले बूट आणि वर्षभराची जिम होत असेल आणि क्लायंट ती नेमाने करत असेल, तर हेडसेट घ्यायला सांगायचे काही कारण नाही. पण ज्या घरात ते आलेच आहे आणि कपाटात धूळ खात पडले आहे, तिथे ते कामाला लावणे शहाणपणाचे आहे.

आमचा आग्रह असा. क्लायंटला गेमचे नाव सांगून सोडू नका, मात्रा लिहून द्या. आठवड्यातून किती दिवस, किती गाणी किंवा किती फेऱ्या, मध्ये किती विश्रांती, बोर्गवर कितीपर्यंत जायचे आणि कोणत्या हालचाली वगळायच्या. आधी पाच मिनिटे वॉर्म-अप आणि शेवटी तितकाच कूल-डाऊन, हे हेडसेट न घालता. सुरुवातीला आणि आठ आठवड्यांनी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घ्या, विश्रांतीचा हार्ट रेट आणि बीपी नोंदवा. चालण्याचे अंतर वाढले नसेल, तर गेममधला स्कोअर कितीही चढलेला असो, आराखडा बदला. अशा नोंदी ठेवणाऱ्या वाचकांनी त्या पेशंटची ओळख वगळून आमच्याकडे पाठवाव्यात. मराठी घरांतल्या, मराठी शरीरांवरच्या नोंदी गोळा झाल्या, तर पुढच्या वेळी हा प्रश्न विचारला गेल्यावर आपल्याला अमेरिकेतल्या आकड्यांवर विसंबावे लागणार नाही.