उपास आणि दुसरी वाटी

आषाढी एकादशीला घरोघरी साबुदाणा भिजतो आणि वजन उतरवू पाहणारेही ‘आज उपास’ म्हणत खिचडीची दुसरी वाटी घेतात. टॅपिओकाच्या कंदापासून होणारा साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट: कोरड्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 कॅलरी, प्रथिने जेमतेम. वर तूप आणि बटाटा. दाण्याचे कूट प्रथिने आणते खरे, पण कॅलरीही वाढवते.

म्हणून सगळ्या कर्बोदकांनाच आरोपी करायचे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024मध्ये धान्यांतून 45 टक्क्यांपर्यंतच ऊर्जा घ्यावी, असे सुचवले. भाकरी सोडायला कुणी सांगितलेले नाही. सोबतीला उसळ, पालेभाजी भरपूर हवी. आणि एकादशीला? खिचडीच्या दुसऱ्या वाटीऐवजी दही, काकडीची कोशिंबीर घेतली तरी उपास मोडत नाही.