संत्र्याला चूल कशाला?

गेल्या अंकात एका वाचकाने लिहिले की नुसत्या फळांवर मैत्र जमत नाही. नागपुरात तर सावजी रश्शाशिवाय नाहीच. रश्शाशी माझे वाकडे नाही. पण डिसेंबर २०१७ मध्ये इथे जागतिक संत्रा महोत्सव भरला, तो रश्शासाठी नव्हे!

हिवाळ्यात काटोल-नरखेडकडच्या बागेत जाऊन पाहा. मालक ताट मांडत बसत नाही, संत्रे हातावर ठेवतो. साल सुटी, त्यामुळे सुरी लागत नाही. सोलता सोलता निम्म्या फोडी शेजारच्याच्या हातात गेलेल्या असतात, मग ओळख असो-नसो. आंबट निघाले तर गप्पांना विषयच मिळतो.

मात्र फक्त कच्चेच खा म्हणणाऱ्यांचीही वकिली मी करणार नाही. पुढे वर्ध्याजवळ येऊन राहिलेल्या गांधीजींनी १९२९ मध्ये सोबत्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, आणि प्रकृतीला मानवेना तेव्हा सोडून दिला. हट्ट धरला नाही.

पत्रलेखकांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये, मृग बहाराचा माल उतरला की, सकाळी कळमना बाजारात यावे. संत्री माझ्याकडून. रात्रीचे सावजी त्यांच्याकडून.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर