फराळ कोणाचा आणि पहाट कोणाची?

आश्विन महिना अर्धा सरला कीं आमच्या वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून एका ठराविक शोकगीतास प्रारंभ होतो. पूर्वीची दिवाळी राहिली नाहीं. घरचा फराळ गेला, बाजारचीं पाकिटें आलीं. उजाडण्यापूर्वींचें अभ्यंगस्नान गेलें आणि त्याच्या जागीं ‘दिवाळी पहाट’ नांवाचा गाण्याचा जलसा आला. संस्कृतीचा लोप होत आहे, इत्यादि इत्यादि. हें शोकगीत आळविणारे गृहस्थ बहुधा साठीच्या अलीकडचे-पलीकडचे, खाऊन-पिऊन सुखी, आणि, हें विशेषेंकरून ध्यानांत घ्यावें, पुरुष असतात. माझाहि वर्ग तोच. म्हणून त्यांच्या मनांत काय चालतें तें मला चांगलें ठाऊक आहे. ज्याच्यासाठीं हे लोक रडतात तें मुळांत त्यांना वाटतें तितकें जुनें नाहीं, आणि जें खरोखर हातचें जात आहे त्याचा त्यांना पत्ताच नाहीं, एवढें दाखविण्यापुरता हा लेखनप्रपंच.

प्रथम परंपरेची गोष्ट घेऊं. फराळाच्या ताटांतला चिवडा पुढें ओढावा आणि त्यांतील शेंगदाणा व मिरचीचा तुकडा वेगळा काढावा. दोन्ही अमेरिकेंतलीं. वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला तो १४९८ सालीं. हे जिन्नस पोर्तुगीजांच्या मागोमाग इकडे आले ते त्यानंतर. तत्पूर्वीं आमचे पूर्वज दिवाळींत जें कांहीं तिखट खात असतील तें मिऱ्याचें खात असतील. लाल तिखट घातलेली आमची चकली त्यांनीं ओळखलीहि नसती. शंकरपाळ्याचा भगवान् शंकराशीं संबंध नाहीं. तो फारसी ‘शकरपारा’ आहे. शुद्ध तुपांतल्या करंज्यांच्या आठवणी काढून ज्यांचे डोळे पाणावतात त्यांनीं आपल्या बालपणींचा पिवळा डबा आठवावा. डालडा बाजारांत आला १९३७ सालीं, आणि त्यानंतरच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांतील करंजी त्याच डब्यांतल्या तुपांत पोहली आहे. ‘आमच्या आईच्या हातचें प्रमाण’ म्हणून जें सांगितलें जातें तें देखील पुष्कळदां कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरे’तलें निघतें, आणि तें पुस्तक १९७० चें आहे. यांत कमीपणा कसला? पण पन्नास-पाऊणशें वर्षांच्या गोष्टीस सनातन म्हणूं नये, एवढेंच माझें मागणें.

संगीताचेंहि तसेंच. पेटीवांचून गाण्याची बैठक ज्यांना उघडीबोडकी वाटते त्यांना सांगितलें पाहिजे कीं हार्मोनियम हें युरोपांतून एकोणिसाव्या शतकांत आलेलें वाद्य आहे, आणि आमच्या श्रुतींशीं तें जुळत नाहीं म्हणून आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत त्यास दाराबाहेर उभें केलें होतें. दिवाळी अंकाची कथा तर आम्हां लिहिणाऱ्यांच्या घरचीच. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला, त्या आधीं कोणाची दिवाळी अंकावांचून अडली नव्हती. आज संस्कृतीच्या लोपावरचा लेख ज्या अंकांत छापून येतो तो अंकच एक नवी रूढि आहे, हें त्या लेखकांच्या ध्यानांत कसें येत नाहीं कोण जाणे!

तेव्हां ‘नवें म्हणून वाईट’ हा आक्षेप निकालांत निघाला. परंतु ‘नवें म्हणून चांगलें’ असेंहि मी म्हणत नाहीं. सणांतील नव्या रीतीस एकच प्रश्न विचारावयाचा: हिच्यापायीं कष्ट कोणाचे आणि आनंद कोणाचा? हाच प्रश्न जुन्या रीतीसहि विचारावयाचा, आणि तो विचारला कीं शोकगीताचा सूर एकदम उतरतो.

अनारशाचें उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, मग उपसून कपड्यावर पसरावयाचे. पुरते वाळूं द्यावयाचे नाहींत, ओलसर असतांनाच कुटावयाचे व बारीक चाळावयाचे. गूळ घालून मळलेला गोळा आणखी कांहीं दिवस मुरूं द्यावयाचा. एवढें झाल्यावर खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेवर एका अंगानेंच तळावयाचा. आणि इतकें करूनहि तो कढईंत हसला, म्हणजे तुपांत विरघळून पसरला, कीं आठ दिवसांची मेहनत फुकट. चकलीची भाजणी निराळी: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरें हीं वेगवेगळीं भाजून गिरणींतून दळून आणणें, कडकडीत मोहन, पिठाची उकड, आणि मग सोऱ्या दाबून दाबून दुखणारा खांदा. शेव, कडबोळीं, चिरोटे, लाडू यांचें वर्णन करीत बसत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांनीं तीं केलीं आहेत त्यांना तें नको आहे, आणि ज्यांनीं नुसतीं खाल्लीं आहेत त्यांना त्याचा उपयोग नाहीं.

हें सारें ज्या बायका करीत आल्या त्या आतां शिक्षिका आहेत, बँकेंत आहेत, इस्पितळांत रात्रपाळी करतात. सायंकाळीं साडेसातच्या गाडीनें घरीं आल्यावर त्यांनीं भाजणी भाजावी, आणि तसें झालें नाहीं तर संस्कृति बुडाली म्हणून आरामखुर्चीवरून हळहळ व्यक्त व्हावी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? ‘घरचा फराळ’ या शब्दांत घर म्हणजे कोण? चार माणसांच्या घरांत तीन माणसांनीं बोट न लावतां जो फराळ होतो तो घरचा नव्हे. तो घरांतल्या एका बिनपगारी माणसाचा फराळ.

यावर कोणी म्हणतील, तर मग विकतचाच बरा म्हणा! अवश्य म्हणतों. शेजारच्या आळींतली एखादी बाई पांच किलो चकलीची मागणी घेते, सांगितलेली किंमत रोख घेते, आणि त्या पैशांतून मुलांची फी भरते. तिची चकली माझ्या ताटांत आली तर माझ्या संस्कृतीचें काय गेलें? १९५९ सालीं गिरगांवांतील सात जणींनीं ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला, त्यांतून ‘लिज्जत’ उभी राहिली. स्वयंपाकघरांतल्या कौशल्याला दाम मिळूं शकतो हें त्यांनीं दाखवून दिलें. दाम देऊन घेतलेल्या लाडवांत माया नसते असें म्हणणाऱ्यानें हेंहि सांगावें कीं फुकट मिळणाऱ्या लाडवांतील माया त्यानें कधीं परत केली काय. परदेशीं गेलेल्या मुलांना पार्सलें पाठवितांना तर हे आक्षेपक निमूटपणें दुकानाच्या रांगेंत उभे असतात. तेथें संस्कृति आड येत नाहीं.

असें असलें तरी घरीं फराळ होऊंच नये असें मला वाटत नाहीं. खसखस भाजल्याचा वास घरभर पसरावा, करंजीची कड कातण्यानें कापण्यासाठीं मुलांत भांडण लागावें, हें सुख मोठें आहे. तें हवें असेल त्यानें पदर खोचावा. पदर नसेल त्यानें बाह्या वर साराव्या. एकच पदार्थ करा, पण तो सर्वांनीं मिळून करा, आणि बाकीचे विकत आणा. ही रीत नवी खरी. पण वर सांगितलेल्या शेंगदाण्याहून अधिक परकी खचित नव्हे.

आतां दुसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे पहाटेच्या गाण्याकडे वळूं. येथें मात्र मला आक्षेपकांशीं आणि जलसे भरविणाऱ्यांशीं अशा दोघांशींहि भांडावयाचें आहे. विसाव्या शतकाच्या शेवटल्या कांहीं दशकांत ही चाल मुंबई-पुण्याकडे रुजली आणि तेथून गांवोगांव गेली. नवे कपडे घालून, अत्तर लावून, थंडींत कुडकुडत, ओळखीच्या-अनोळखी हजार माणसांनीं एकत्र गाणें ऐकावें, यांत निंदा करण्याजोगें काय आहे? उलट या रीतीच्या हातीं एक असें कार्य आलें आहे कीं जें दुसऱ्या कोणास सहसा करतां येणार नाहीं.

तें असें. आमच्या रागांना वेळ असते. ललित सूर्योदयापूर्वींचा, भैरव सूर्योदयाच्या सुमाराचा, दिवस वर आला कीं तोडी. पूर्वीं मैफल रात्रीं बसे ती उजाडतां उठे, आणि मग हे राग त्यांच्या वेळीं आपोआप कानीं पडत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालीं सुरू झाला तो असाच रात्ररात्र चाले. पुढें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. नियम योग्यच आहे. आजाऱ्यानें व तान्ह्या मुलानें कोणाच्या तानांपायीं जागावें असें मी म्हणणार नाहीं. पण त्यामुळें पहाटेचे राग जाहीर मैफलींतून जवळजवळ हद्दपार झाले. रात्रीं दहाला उठणाऱ्या मैफलींत ललित गाणार केव्हां? अशा वेळीं वर्षांतून निदान एक सकाळ अशी आली कीं जिला लोक आपण होऊन अंधारांत उठून येऊं लागले. आश्विनाच्या अखेरीस पुण्या-मुंबईकडे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. सहाला ध्वनिक्षेपक लागला तरी अर्धा तास संधिप्रकाशाचा हातीं राहतो. आणि बंद सभागृहास तर ती सहाचीहि अट नाहीं.

या अर्ध्या तासाचें आमचे संयोजक काय करतात? दीपप्रज्वलन करतात. मग प्रायोजकांचा सत्कार, नगरसेवकांचें मनोगत, निवेदकाच्या चारोळ्या. आणि सूर्य हातभर वर आल्यावर जें गाणें सुरू होतें तें कोणत्याहि दिवशीं कोणत्याहि वेळीं ऐकावें असें, बहुधा चित्रपटांतलें. चित्रपटगीतांशीं माझें वैर नाहीं. त्यांना वर्षाच्या तीनशें चौसष्ट संध्याकाळी मोकळ्या आहेत. पण पहाटेच्या नांवानें माणसें जमवावीं आणि पहाटच त्यांना ऐकूं देऊं नये, हा व्यवहार सचोटीचा नव्हे. आक्षेपकांनीं खरें तर येथें आवाज उठवावयाचा. पण त्यांचा राग जलशावर असतो, जलसा काय गातो याकडे त्यांचें लक्ष नसतें.

शेवटीं घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. माझी पत्नी लग्नापूर्वीं आठ वर्षें गाणें शिकली होती. आमच्या घरामागील मैदानांत कित्येक वर्षें दिवाळीचा जलसा होतो, आणि मी पुढल्या रांगेंत बसून तो ऐकत आलों. तिनें तो ऐकला स्वयंपाकघराच्या खिडकींतून; कारण त्याच वेळीं पाणी तापविणें, उटणें कालविणें, पाटांभोंवतीं रांगोळी, ओवाळणी आणि फराळाचीं ताटें हें सारें तिच्याकडे. मीं अनेकदां घरीं येऊन तिला गाण्याचें रसग्रहण ऐकविलें आहे, तेंहि तिनें केलेली चकली खातखात. ही गोष्ट लिहितांना आज लाज वाटते. तेव्हां वाटत नव्हती.

मागल्या वर्षीं मुलगा म्हणाला, “बाबा, यंदा चकली आपण करूं आणि सकाळचेंहि आपणच बघूं. आईला जाऊं दे.” आम्हीं दोघांनीं वसुबारसेच्या रात्रीं अकरापर्यंत कढईपुढें उभें राहून चकल्या तळल्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपूर्वीं फराळास तोंड लावावयाचें नाहीं हा घरचा नियम असल्यामुळें त्या कशा झाल्या हें कोणासच कळलें नाहीं. नरकचतुर्दशीस ती साडेपांचालाच शाल पांघरून मैदानांत गेली. आम्हीं पाणी तापविलें, उटणें सांडलें, रांगोळी वांकडी काढली. मी मधून मधून खिडकीशीं जाऊन कान देत होतों. सत्कार चालले होते.

आठाच्या सुमारास ती परतली. मीं विचारलें, “ललित गायले का?”

“नाहीं,” ती म्हणाली. “ऊन्ह आलं तरी माणसं एकमेकांना शालीच देत होती.” मग तिनें ताटांतली एक चकली उचलली, मोडण्याचा प्रयत्न केला, दोन्ही हातांनीं मोडली, आणि मुलाकडे पाहून म्हणाली, “मोहन कमी पडलं रे. पुढच्या वर्षी वाटीभर पिठाला चमचाभर जास्त घाला.”