अणूला आठाचा हव्यास नसतो

रासायनिक बंध म्हणजे काय, हे शाळेत ज्या रीतीने समजावून दिले जाते ती रीत बहुतेकांच्या परिचयाची आहे. सोडियमच्या अणूच्या बाह्य कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो त्याला नकोसा झालेला असतो. क्लोरीनच्या बाह्य कवचात सात असतात आणि त्याला आठवा हवा असतो. एक देतो, दुसरा घेतो, दोघांचीही अष्टके पूर्ण होतात आणि मीठ तयार होते. गोष्ट सुटसुटीत आहे, मुलांच्या ध्यानात राहते व परीक्षेत उपयोगी पडते. दोष एवढाच की, ती खरी नाही.

सोडियमला आपला इलेक्ट्रॉन मुळीच नकोसा झालेला नसतो. वायुरूप सोडियमच्या अणूपासून तो दूर करावयाचा तर ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते. क्लोरीनच्या अणूने तो स्वीकारला म्हणजे ३.६१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टाची खोटच येते, आणि दोन अणू एकमेकांपासून दूर असतील तर हा व्यवहार होतही नाही. खोट भरून निघते ती दोन्ही आयन जवळ आल्यावर. सुमारे २.४ अँगस्ट्रॉम अंतरावर धन आणि ऋण विद्युत्भारांच्या आकर्षणामुळे सहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.) मिठाच्या स्फटिकात तर प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे सहा आयन असतात व हा लाभ आणखी वाढतो. अष्टक पूर्ण झाल्याचे समाधान या हिशेबात कोठेही जमेस धरावे लागत नाही.

मग आठ या संख्येला काहीच अर्थ नाही काय? आहे, परंतु तो निराळा आहे. सोडियमपासून दुसरा इलेक्ट्रॉन काढू गेल्यास ४७.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजावे लागतात, म्हणजे पहिल्याच्या नऊपटींहून अधिक. कारण हा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातील असून अणुकेंद्राला फार जवळ असतो. स्फटिकातील आकर्षण एवढा खर्च भरून काढू शकत नाही, म्हणून सोडियम एका इलेक्ट्रॉनावरच थांबतो. आठ हे अणूचे ध्येय नव्हे. जमाखर्च जेथे थांबतो तेथे पुष्कळदा आठ शिल्लक राहतात, इतकेच.

ज्याच्या नावाने हा नियम सांगितला जातो त्या गिल्बर्ट लुईसची दृष्टीही पाठ्यपुस्तकांहून अधिक सावध होती. विद्यार्थ्यांना शिकविताना त्याने १९०२ मध्ये अणूची घनाकृती चित्रे काढली होती. घनाला आठ कोपरे असतात, म्हणून आठ इलेक्ट्रॉन. १९१६ च्या निबंधात त्याने दोन अणूंमध्ये सामाईक असलेल्या इलेक्ट्रॉन-जोडीची कल्पना मांडली. घन लवकरच अडगळीत गेला. जोडी मात्र टिकली. दोनाचा नियम आठाच्या नियमाहून अधिक मूलभूत आहे, असे लुईसने १९२३ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. हायड्रोजनच्या रेणूत तर आठाचा मागमूसही नाही. त्यातील दोन्ही इलेक्ट्रॉनांवर दोन्ही केंद्रांचे आकर्षण एकाच वेळी चालते, त्यांचा वावर दोन केंद्रांमधील जागेत वाढतो आणि एकंदर ऊर्जा सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टांनी उतरते. हाइटलर आणि लंडन यांनी १९२७ मध्ये नव्या पुंजयामिकीच्या आधारे हा बंध प्रथम गणिताने समजावून दिला.

नियमाला न जुमानणारे रेणूही काही दुर्मीळ नाहीत. बोरॉन ट्रायफ्लुओराइडात बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन मोजले जातात, सल्फर हेक्साफ्लुओराइडात गंधकाभोवती बारा. नायट्रिक ऑक्साइडात बाह्य इलेक्ट्रॉन अकरा, म्हणजे विषम. त्यांच्या जोड्या जुळणार कशा? आणि ज्या प्राणवायूवर सर्वांचा श्वास चालतो त्याच्या ठिपक्यांच्या आकृतीत सर्व इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसविलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यातील दोन एकएकटे असतात. त्यामुळेच द्रवरूप प्राणवायू लोहचुंबकाकडे ओढला जातो, हे जेम्स ड्यूअरने १८९१ मध्येच दाखवून दिले होते.

नववीच्या मुलांना पुंजयामिकी शिकवावयाची काय, असा आक्षेप शिक्षकांकडून येतो. तो गैरवाजवी नाही. परंतु वर मिठाचा जो हिशेब दिला आहे त्याला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. कार्बन, नायट्रोजन, प्राणवायू, फ्लुओरीन यांच्या संयुगांची आकृती काढताना अष्टकाचा नियम खुशाल वापरावा. तो तेथे चांगला चालतो. मात्र सोयीचा नियम निसर्गाची इच्छा म्हणून शिकविला की, त्याची किंमत कधीतरी मोजावी लागते.

ती मोजली गेली. बाह्य कवचात आठ इलेक्ट्रॉन असलेले निऑन, आर्गॉन, झेनॉन हे वायू कशाशीही संयोग पावणार नाहीत, अशी समजूत रूढ झाली. झेनॉन फ्लुओरीनशी संयोग पावावा, असे भाकीत लायनस पॉलिंगने १९३३ मध्ये केले होते. त्याच वर्षी योस्ट आणि के यांनी प्रयोग केला, तो फसला, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट याने प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड हे प्राणवायूच्या रेणूपासूनदेखील इलेक्ट्रॉन ओढून घेते, असे पाहिले होते. वर्गातील व्याख्यानाची तयारी करताना आयनीभवन ऊर्जेच्या एका नेहमीच्या आलेखाकडे त्याचे लक्ष गेले. प्राणवायूच्या रेणूपासून इलेक्ट्रॉन काढण्यास १२.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, झेनॉनपासून १२.१३. हे आकडे सर्वांच्याच पुस्तकांत होते. २३ मार्च १९६२ रोजी सायंकाळी त्याने दोन्ही वायूंमधील काचेचा पडदा फोडला. खोलीच्याच तापमानात तांबड्या वाफेचा आणि रंगहीन झेनॉनचा संयोग होऊन पिवळसर घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत झेनॉन व फ्लुओरीन ४०० अंश सेल्सिअसला तापवून झेनॉन टेट्राफ्लुओराइडचे स्फटिक मिळविण्यात आले. पुढे तर असेही दिसून आले की, हे दोन वायू कोरड्या काचपात्रात एकत्र करून नुसते उन्हात ठेवले तरी झेनॉन डायफ्लुओराइड तयार होते.