‘मी गेल्यावर’ हे वाक्य पुरं होऊ द्या

घरातलं मोठं माणूस बोलता बोलता म्हणतं, "मी गेल्यावर ही पितळी भांडी धाकटीला द्या." लगेच कुणीतरी त्यांना गप्प करतं. "अभद्र बोलू नका." "शंभर वर्षं जगाल तुम्ही." "वास्तू तथास्तु म्हणत असते." विषय तिथेच संपतो.

आपण हे प्रेमापोटीच करतो. आईच्या तोंडून मरणाचं नाव ऐकवत नाही. तरी माझं सांगणं आहे, यापुढे त्यांना थांबवू नका. वाक्य पुरं होऊ द्या. बहुतेक वेळा त्या माणसाला मरणाची घाई नसते. मनात साठलेलं सांगून मोकळं व्हायचं असतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कुणी वारंवार "आता जगून काय करायचं" म्हणत असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर ते बोलणं वेगळं. तिथे उशीर न करता डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

न बोलल्याने काय होतं, ते दवाखान्यात कळतं. वडील आयसीयूत असतात. डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" थोरला म्हणतो लावा. मुलगी म्हणते, बाबांचे हाल करू नका. परदेशातला धाकटा फोनवरून सांगतो, मी येईपर्यंत काहीही करा. तिघांचंही वडिलांवर प्रेम आहे. पण वडिलांना काय हवं होतं, हे तिघांपैकी एकालाही माहीत नाही. वडील जातात, भांडण मागे राहतं. पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला एकमेकांच्या घरी जाणं होत नाही.

हे टाळता येतं. त्यासाठी मोठं धैर्य लागत नाही. योग्य वेळ निवडावी लागते.

सगळ्यांना समोर बसवून बैठक घेऊ नका. तशाने म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आता हे वाटणीचं बोलणार. हातात काम असताना बोला. मेथी निवडताना, वाल सोलताना, रात्री पायाला तेल लावून देताना. नजर कामावर असते, त्यामुळे जड बोलणंही सहज निघतं. मध्येच गप्प बसायला जागा मिळते.

पैशापासून सुरुवात करू नका. आजाराच्या दिवसांत तर मुळीच नको. आधी स्वतःबद्दल सांगा. "आई, मला काही झालं तर मला नळ्या लावून महिनोन्महिने ठेवू नका, असं माझं म्हणणं आहे." चाळिशीतल्या मुलाने असं म्हटलं की सत्तरीतली आई आधी रागावेल. मग थोड्या वेळाने, कदाचित दुसऱ्या दिवशी, स्वतःचं सांगेल. सांगितलं नाही तर सोडून द्या. पुन्हा कधीतरी विचारा. हे एका बैठकीत व्हायचं काम नाही.

प्रश्न साधे ठेवा. शेवटचे दिवस घरी हवेत की दवाखान्यात? जवळ कोण असावं? कुणाला बोलावून घ्यायचं? कुणाशी अबोला आहे, तो मिटवायचा आहे का? आणि हा प्रश्न तर विसरू नकाच: तुमचा दिवस चांगला गेला, असं तुम्हाला कधी वाटतं?

या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं फार छोटी असतात. आई म्हणते, सकाळचा पहिला चहा कुणी न बोलता शांतपणे पिऊ द्यावा. आजोबा म्हणतात, खाट खिडकीपाशी असावी, रस्त्यावरची माणसं दिसतात. कुणाला अंगावर दवाखान्याचा गाऊन नको असतो, स्वतःचं जुनं लुगडं हवं असतं. कुणाला संध्याकाळी हरिपाठ कानावर पडायला हवा असतो. कुणाला भात मऊ आणि वरण पातळ हवं असतं, आणि सून रागावेल म्हणून ते वर्षभर बोललेले नसतात.

शेवटच्या दिवसांबद्दल विचारायला गेलात, आणि आजचा दिवस कसा हवा ते हाती आलं. मग ते शेवटच्या दिवसांसाठी राखून का ठेवायचं? खाट आजच खिडकीपाशी सरकवा. वरण उद्यापासून पातळ करा. मला विचाराल तर या सगळ्या बोलण्याचा खरा लाभ हाच आहे. मरणाचं नाव घेतलं की घर उदास होईल, अशी आपल्याला भीती असते. प्रत्यक्षात भीती बोलून झाली की माणूस सैल होतो. त्याच्या जेवणाला चव येते, रात्रीची झोप लागते. आपल्यालाही कळतं की आईच्या हातचा गोडा मसाला काही कायम मिळणार नाही. मग आपण ओट्यापाशी उभं राहून तो शिकून घेतो. धणे किती वेळ भाजायचे, दगडफूल कधी घालायचं, तिचं मूठभर म्हणजे आपलं किती. ती सकाळ छान जाते. तिची आणि आपलीही.

आता कागदांकडे वळू. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न केल्याचा त्रास मागे राहणाऱ्यांना होतो. सर्वात जास्त बाईला होतो. नवरा गेल्यावर तिला कळतं की बँका किती, विमा कुठला, फोन कसा उघडायचा, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही. म्हणून एक फाइल करा. खाती, ठेवी, विमा, कर्ज, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावाकडचा सातबारा, सगळ्याची नोंद एका वहीत ठेवा. वही कपाटात कुठे आहे, ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावं. कुणाला दिलेले पैसे, कुणाकडून घेतलेले पैसे, तेही लिहा.

खात्यांना नॉमिनी नेमला आहे का ते बँकेत विचारा. नोव्हेंबर 2025 पासून ठेवीच्या खात्याला चार जणांपर्यंतची नावं लावता येतात. पण एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. ज्याचं नाव तिथे आहे, तो पैसे ताब्यात घेतो. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. या गैरसमजातून भावाभावांत फार कटुता येते. दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. नंतरही ती मागता येते, पण ती कुठे होती हे कुणाला तरी माहीत असावं लागतं.

मृत्युपत्राला साधा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनीही सही करायची. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वय जास्त असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा.

उपचारांबद्दलची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला तिला मान्यता दिली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर जवळपास 42 वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्याबद्दलच्या खटल्यामुळे, 2011 च्या निकालामुळे, हा विषय घराघरांत पोचला होता. 2018 चे नियम किचकट होते, ते जानेवारी 2023 मध्ये सोपे झाले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तुमच्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्यात घालायची. एक प्रत घरच्यांकडे आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यायची. महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत अशा प्रती ठेवण्यासाठी अधिकारी नेमते. त्यांच्याकडेही एक द्या.

यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही स्वतः बोलू शकता, तोवर हा कागद वापरलाच जात नाही. बरं होण्याची आशा उरली नाही, असं डॉक्टरांच्या दोन मंडळांनी ठरवल्यावरच तो पुढे येतो. मन बदललं तर तो लेखी रद्द करता येतो. दुखणं कमी करण्याचे उपचार थांबत नाहीत. आणि सुई देऊन जीव घेणं आपल्या देशात कायद्याने चालत नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही.

बरा न होणारा आजार असेल तर "आता काही करता येणार नाही" हे ऐकून हताश होऊ नका. वेदना कमी करता येतात. श्वास लागतो, तो सुसह्य करता येतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी हे काम करत आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही शुश्रूषा शिकवतात. तुमच्या गावी असं केंद्र नसेल तर जिल्हा रुग्णालयात परिहार सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, चौकशी करा. चौकशी लवकर करा. शेवटच्या आठवड्यात गेलात तर त्यांनाही फार काही करता येत नाही.

नेत्रदानाचं आधी बोलून ठेवा. डोळे साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. त्या वेळी रडण्याच्या गडबडीत कुणाला सुचत नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी डोळे देता येतात. नेत्रपेढीला फोन करा. पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. देहदानाचा अर्ज भरला असला तरी शेवटी घरच्यांचीच संमती लागते. म्हणून अर्ज भरून गप्प बसू नका, घरी सांगा.

पुरुषांना एक वेगळी विनंती. तुमच्या मागे बायकोचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, हे तुम्ही जिवंतपणी चार माणसांत सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठराव कागदावर राहतो. दिवसकार्याच्या गर्दीत एखादी चुलती पुढे सरसावते आणि त्या बाईला नाही म्हणायचं बळ नसतं. तेव्हा "ह्यांनी स्वतः सांगितलंय" हे एकच वाक्य तिच्या कामी येतं. ते तिला देऊन जा.

लहान मुलांशी खोटं बोलू नका. "आजोबा गावाला गेले" म्हटलं की मूल वाट बघत बसतं. आणि पुढे घरातलं कुणी खरंच गावाला निघालं की रडून गोंधळ घालतं. आजोबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते आता परत येणार नाहीत, हे जवळ घेऊन सांगा. विचारेल तितकंच सांगा. आजोबांच्या गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा सांगत राहा.

इतकी यादी वाचून दडपण आलं असेल तर कागद पुढच्या महिन्यात करा. ते थांबतील. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या मोठ्या माणसापाशी जाऊन बसा. त्यांना विचारा, तुमचा दिवस चांगला गेला असं कधी वाटतं? जे सांगतील, त्याची सोय याच आठवड्यात करा.