गंजाचा हिशोब कोण ठेवणार?

मावळ तालुक्यात इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी कोसळला. सुट्टीचा दिवस, भरलेली नदी पाहायला आलेली माणसे, पुलावर शंभराहून अधिक लोक आणि त्यातच मोटारसायकली. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल जेमतेम तीस वर्षांचा होता. तो गंजलेला आहे हे गावाला ठाऊक होते, धोक्याचा फलकही लागलेला होता आणि नव्या पुलासाठी आठ कोटींची मंजुरीही झालेली होती. नवा पूल होण्याआधी जुना पडला. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्याकडे उगीच आलेली नाही.

व्यापाराच्या पानावर पुलाचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर सरळ आहे. लोणावळ्याची चिक्की, हॉटेले, टॅक्सी आणि फेरीवाले पावसाळी गर्दीवर जगतात. मावळचे दूध, भाजी, फुले ही रोज पुलावरूनच बाजारात जातात. शिवाय फॅब्रिकेशन, वेल्डिंग, सळईकाम, सेंट्रिंग आणि भंगार या धंद्यांत आपले हजारो बांधव आहेत. लोखंड कसे खाल्ले जाते हे त्यांना कोणत्याही साहेबापेक्षा जास्त कळते.

याच परिसरातली दुसरी गोष्ट पाहा. खंडाळ्याच्या घाटात १८३० सालचा दगडी कमानींचा पूल होता. जाहिरातीवरून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. तो एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला, तोसुद्धा त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्गावर अडथळा होत होता म्हणून. १९० वर्षे लोणावळ्याचा पाऊस झेललेल्या कमानी आपण होऊन पडल्या नाहीत. कारण सोपे आहे. कमानीत सगळा भार दाबाने खाली जातो आणि दगड दाब उत्तम सोसतो. त्यात लोखंड नव्हते, म्हणून गंजायलाही काही नव्हते. दगडी पूल अमर असतो असे मात्र कोणी समजू नये. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या.

आता काँक्रीटकडे येऊ. काँक्रीटची कमानही दाबावरच उभी असते, पण तिच्या पोटात सळई असते आणि तिच्यावरचे खांब, स्लॅब, कठडे यांत तर असतेच असते. काँक्रीट ताजे असते तेव्हा त्यातला चुन्याचा गुण सळईवर एक पातळ कवच धरून ठेवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो आणि तो गुण मारतो. समुद्राची वाळू किंवा खारे पाणी वापरले असेल, तर मिठाचा अंश ते कवच त्याहून आधी फोडतो. मग ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा मिळाली नाही की आतून काँक्रीट फुटते, पोपडे सुटतात आणि चिरेतून आणखी पाणी शिरते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने चिंब आणि आठ महिने कोरडे, हा फेरा सळईला सर्वांत वाईट. कमानीचे पाय जिथे टेकतात तिथे गाळ आणि ओल साचते, वरच्या रस्त्याचे सांधे गळतात, पाणी काढणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबतात. रोग तिथूनच सुरू होतो.

उघडे लोखंड गंजले तर डोळ्यांना दिसते. काँक्रीटमधले दिसत नाही, हाच मोठा धोका. गोव्यात पणजीजवळ मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. त्यानंतर माणसे आणि माल फेरीबोटीवर आले, आणि वेळेला पैसा समजणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा अर्थ सांगायला नको. वाशीच्या खाडीवरचा १९७३ सालचा पूलही तारांच्या गंजानेच लवकर म्हातारा झाला आणि १९९७ मध्ये शेजारी नवा पूल उघडावा लागला. इटलीत जिनोव्हा शहरातला पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडून ४३ माणसे गेली. तिथेही पोलादी तारा काँक्रीटच्या आत झाकलेल्या होत्या.

आमचे म्हणणे एवढेच की गंजाचा हिशोब ठेवला गेला पाहिजे. लहानसा दुकानदारही आपल्या यंत्रावर दरवर्षी घसारा लिहितो, आणि लेथवाला तेलपाण्याचा खर्च धरूनच भाव सांगतो. पुलाच्या बाबतीत मात्र बांधण्याचा पैसा मिळतो, उद्घाटन होते आणि रंगरंगोटीचा, सांधे बदलण्याचा, नळ्या साफ करण्याचा खर्च कोणाच्याच वहीत नसतो. धोक्याचा फलक लावणे म्हणजे देखभाल नव्हे. पूल धोकादायक असेल तर तो दोन्ही टोकांना भिंत घालून बंद करा, नसेल तर दुरुस्त करा. फलक लावून तो उघडा ठेवणे म्हणजे जबाबदारी लोकांच्या अंगावर ढकलणे होय.

आमची मागणी आहे की मावळातल्या प्रत्येक पुलाचे, साकवाचे आणि पादचारी पुलाचे नाव, बांधल्याचे वर्ष, मालक खाते आणि शेवटच्या तपासणीची तारीख ग्रामपंचायतीत व नगरपरिषदेत लावावी. तपासणी पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा व्हावी. व्यापारी संघटनांनी ही यादी मागून घ्यावी. वर्गणी काढून कमानी उभारण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचे आहे.

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या हाताकडेही पाहू. सळई बांधणारा, माल ओतणारा आणि वेल्डिंग मारणारा आपलाच भाऊ असतो. कव्हरसाठी नीट ठोकळे लावायचे सोडून खडीचा तुकडा सरकवणे, सळई फळीला टेकलेली असताना माल ओतणे, काम ढिले जावे म्हणून माल पातळ करणे, चार दिवस पाणी मारून थांबणे, गंज न खरवडता वरून रंग फासणे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. इमारतींच्या कामासाठीचे भारतीय मानक ४५६ सुद्धा जोराचा पाऊस आणि ओल-कोरड यांच्या जागी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीट मागते. ते दिसायला थोडेच आहे, पण तेवढ्यावरच पुलाचे आयुष्य ठरते. ठेकेदार घाई करील, भाव पाडील. तरी जिथे माणसे चालणार आहेत तिथे ‘एवढ्यात होणार नाही’ असे म्हणण्याची हिंमत कारागिराने दाखवावी. हातोडी मारल्यावर काँक्रीटचा आवाज भद येतो की खणखणीत, हे ज्याला कळते त्याने ते ऐकून गप्प बसू नये. त्याने ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

कुंडमळ्याच्या पुलावर उभी असलेली माणसे परकी नव्हती. पुढच्या पावसाळ्यात तिथे आपलीच मुले असतील. लोखंडाला गंज चढणारच. तो वेळीच खरवडायचा की माणसे गेल्यावर मोजायचा, एवढेच आपल्या हातात आहे.