पाठ आमची, माल त्यांचा

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालोय, रात्री कविता लिहितो. दिवसभर पाठीवरून जो माल उतरतो त्याच्या खोक्यावर कुणाचं नाव आहे, ते मला वाचता येतं. माझं नसतं. तेव्हा एड्सच्या नव्या इंजेक्शनाबद्दल मी बोललो तर पांढरपेशांनी नाक मुरडू नये. हा हिशोब हमालालाच जास्त कळतो.

हिशोब असा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा. १६ ते २५ वयाच्या पाच हजारांवर पोरी. त्यांच्यावर चाचणी झाली. लेनाकापावीर नावाचं इंजेक्शन, वर्षातून फक्त दोनदा टोचायचं. जून २०२४ ला निकाल लागला. ज्या २,१३४ जणींना हे इंजेक्शन मिळालं, त्यातल्या एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. एकीलाही नाही! चाळीस वर्षं लस शोधतायत, अजून हाती नाही. २०२०, २०२१, २०२३ — मोठमोठ्या चाचण्या गुंडाळाव्या लागल्या. त्या अंधारात ही सुई चमकली. शोधणाऱ्यांना माझा सलाम. संशोधनाशी माझं भांडण नाही. भांडण मालकीशी आहे.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि गिलियड कंपनीनं भाव लावला : माणशी वर्षाला २८,२१८ डॉलर. आपले २४ लाखांच्या वर. मग सप्टेंबरात हैदराबादच्या दोन कंपन्यांचा भाव जाहीर झाला. तेच औषध, २०२७ पासून, वर्षाला ४० डॉलर. सुई एक, भाव दोन, फरक सातशे पट. मधला पैसा कसला? औषधाचा नाही. मालकीचा.

कंपनी म्हणते, आम्ही १२० देशांसाठी स्वस्त औषधाचा परवाना दिला. दिला ना! पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू त्या यादीत नाहीत. दोस्तहो, दुसरी चाचणी याच देशांतल्या माणसांवरही झाली होती. त्यांचं रक्त चाललं, त्यांचा हक्क चालला नाही. मला संध्याकाळी निदान मजुरी तरी मिळते.

म्हणतील, संशोधनाला पैसा लागतो. लागतो. पण तो कुणाच्या मर्जीवर? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं परदेशी मदतीला टाळं ठोकलं आणि दक्षिण आफ्रिकेतलं लशीचं काम जागच्या जागी थांबलं. मेहेरबानीवर उभं राहिलेलं संशोधन एका सहीनं मरतं.

कंबोडियात २००४ साली नॉमपेन्हच्या धंदेवाल्या बायांनी हे सगळं ओळखलं होतं. एका गोळीची चाचणी त्यांच्यावर व्हायची होती. त्या म्हणाल्या, उद्या आम्हाला काही झालं तर आमचं दवापाणी कोण करणार, ते आधी सांगा. सरकारला चाचणी थांबवावी लागली. अडाणी म्हणून कोण हिणवतो या बायांना? विज्ञानाला पहिला शहाणा प्रश्न त्यांनी विचारला.

आणि आपण? आमच्या वस्तीत एड्सनं गेलेल्या एका पोराच्या मयताला खांदा द्यायला चौघं मिळेनात. मी दिला. शेजारी दार लावून बसले होते. नीतीच्या ठेकेदारांना सोडा, आपणच रोगाचं नाव घ्यायला लाजतो. आपण लाजतो, तोवर मालक मोजतो.

म्हणून आता मागायचं, ते भीक म्हणून नाही. जिथं चाचणी, तिथं औषध. ज्याचं अंग लागलं, त्याला चाचणी ठरवताना खुर्ची. सरकारी पैशातून निघालेल्या शोधावर खाजगी कुलूप नको. आणि आपल्या सरकारला रोज विचारायचं : हैदराबादेत बनणारी सुई कामाठीपुऱ्यातल्या बाईपर्यंत, गोदीच्या गेटावरच्या ट्रकवाल्यापर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट पोचणार की नाही?

की तीही खोक्यात बंद होऊन आमच्याच पाठीवरून बोटीत चढणार?